मिरीचा दाणा, 215 एकर आणि वरच्या मजल्यावरचा नळ : न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचे प्रकरण

1887 साली न्यूयॉर्क राज्यात एक साधा कायदा झाला. भाड्याने दिलेल्या चाळवजा इमारतींत ज्या ज्या मजल्यावर बिऱ्हाडे राहतात, तिथे निदान एका ठिकाणी तरी पाण्याचा नळ असलाच पाहिजे. क्रोटन नदीचे पाणी शहरात 1842 सालीच आले होते. पण जुन्या घरांत ते अंगणातल्या किंवा तळमजल्यावरच्या एका तोटीपर्यंतच पोचत असे. तिथून पुढे बादली, अरुंद जिना आणि बाईचा खांदा. स्वयंपाक, धुणे, आजारी माणसाचे अंग पुसणे, सगळे त्या बादलीतच.

नळ बसवून द्या, असे आरोग्य खात्याने घरमालकांना कळवले. पुष्कळांनी कुरकुरत बसवून दिले. एक मालक मात्र अडून बसला. दंडाचा दावा झाला तेव्हा ‘हा कायदाच घटनाबाह्य आहे’ असा बचाव करत तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा मालक कोणी नफेखोर दलाल नव्हता. वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ज्याचा मनोरा उभा आहे ते ट्रिनिटी चर्च, अमेरिकेतल्या एपिस्कोपल (म्हणजे मूळच्या अँग्लिकन) पंथाचे सर्वांत श्रीमंत पॅरिश (म्हणजे एका चर्चभोवतीची धर्मसंस्था), हा तो मालक.

बादलीभर पाण्यासाठी देवाचे घर कोर्टात का गेले, याचे उत्तर 1887 मध्ये सापडत नाही. त्यासाठी जमिनीचे जुने कागद काढावे लागतात.

सनद आणि शेत

पॅरिशला राजा तिसरा विल्यम याची सनद मिळाली ती 1697 च्या मे महिन्यात. ब्रॉडवेवरच्या मोक्याच्या जागेचे वार्षिक भाडे ठरले मिरीचा एक दाणा. इंग्रजी कायद्यात व्यवहार पक्का व्हायला काहीतरी मोबदला दिसावा लागतो, म्हणून हा नाममात्र दाणा. तो दर वर्षी कोणी दिला नाही की मागितला नाही. 1976 साली राणी दुसरी एलिझाबेथ न्यूयॉर्कला आली, तेव्हा चर्चने 279 वर्षांची थकबाकी म्हणून तिला 279 मिरीदाणे समारंभाने दिले. फोटोला छान प्रसंग होता. या पॅरिशचा इतिहास बहुतेक लोकांना एवढ्यापुरताच माहीत असतो.

पहिली इमारत 1698 मध्ये उभी राहिली. दगड चढवायला दोरखंड-कप्पी दिली ती कॅप्टन विल्यम किडने. हाच किड पुढे चाचा म्हणून लंडनमध्ये फासावर गेला. 1697 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिशच्या पंचमंडळाने, म्हणजे व्हेस्ट्रीने, ठराव केला की चार आठवड्यांनंतर चर्चच्या आवारात एकाही काळ्या माणसाचे दफन होणार नाही. शहरातल्या गुलामांनी मग वस्तीबाहेर उत्तरेला आपले मृत पुरले. 1991 मध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना ती दफनभूमी पुन्हा उजेडात आली. जमिनीचा धनी आपण, तेव्हा तिच्यावर कोणी यायचे आणि तिच्यात कोणी निजायचे हे आपण ठरवणार, ही व्हेस्ट्रीची वृत्ती पहिल्याच वर्षी दिसते.

मोठे दान आले ते 1705 साली. राणी अ‍ॅनच्या नावाने गव्हर्नर लॉर्ड कॉर्नबरीने हडसन नदीकाठची सरकारी शेतजमीन चर्चला बहाल केली. साधारण 215 एकर असा तिचा आकडा सांगितला जातो. आजच्या नकाशावर ती फुल्टन स्ट्रीटच्या आसपासपासून उत्तरेला ख्रिस्टोफर स्ट्रीटपर्यंत पसरली होती. तेव्हा तिथे कुरणे, दलदल आणि थोडी शेती होती. तिच्यावरून पुढे जे रस्ते निघाले त्यांची नावे वाचली तरी मालक कोण ते कळते. पहिले रेक्टर, म्हणजे पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू, विल्यम व्हेसी यांच्या नावाचा रस्ता, दुसरे रेक्टर हेन्री बार्कली यांच्या नावाचा, शिवाय रेक्टर स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि चक्क व्हेस्ट्री स्ट्रीट. किंग्ज कॉलेज, म्हणजे आजचे कोलंबिया विद्यापीठ, 1754 मध्ये सुरू झाले तेही ट्रिनिटीच्याच जमिनीच्या आधाराने.

या जमिनीला एक जुनी कीडही होती. तिच्यातला एक तुकडा डच काळात अ‍ॅनेके यान्स नावाच्या बाईचा होता. ती 1663 साली वारली. 1671 मध्ये वारसांनी तो तुकडा इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकला, पण एका शाखेची सही राहून गेली. सातबाऱ्यावरचे एक नाव सुटले की काय होते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. दीडशे-दोनशे वर्षे या बाईचे वंशज म्हणवणारे लोक ट्रिनिटीवर दावे लावत राहिले. जमिनीचा भाव जसा चढत गेला तशी वारसांची संख्याही वाढली. 1847 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की इतकी वर्षे उघड, अखंड कब्जा असल्यावर ट्रिनिटीची मालकी हलवता येणार नाही. तरी वारसांच्या संघटना निघतच राहिल्या, आणि भोळ्या लोकांकडून वर्गणी गोळा करणारे भामटे विसाव्या शतकातही होते. ट्रिनिटी प्रत्येक वेळी जिंकली.

या दाव्यांचा एक परिणाम मला महत्त्वाचा वाटतो. सतत कोर्टात उभे राहणारी संस्था कागद दाखवायला कचरते. आपल्याकडे किती जमीन आहे, तिचे काय येते, हे बाहेर कळले की उद्या नवा वारस उभा राहील, ही धास्ती व्हेस्ट्रीच्या अंगवळणी पडली. तिचे गुप्ततेत रूपांतर व्हायला वेळ लागला नाही.

राजा गेला, जमीन राहिली

स्वातंत्र्ययुद्धात हे पॅरिश चुकीच्या बाजूला होते. पाद्री चार्ल्स इंग्लिस यांनी वॉशिंग्टनचे सैन्य शहरात असतानाही राजासाठीची प्रार्थना वगळायला नकार दिला. 21 सप्टेंबर 1776 च्या आगीत चर्च जळाले. थोडे उत्तरेला 1766 मध्ये बांधलेले पॅरिशचेच उपप्रार्थनागृह, सेंट पॉल्स चॅपल, वाचले, आणि 1789 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर वॉशिंग्टन प्रार्थनेला गेले ते तिथेच. राजाने दिलेली जमीन नव्या राज्याने काढून घेतली असती तर त्यात नवल नव्हते. पण 1784 मध्ये विधिमंडळाने सनदेत दुरुस्ती करून भागवले. राजनिष्ठ गेले, देशभक्त सॅम्युअल प्रोव्हूस्ट रेक्टर झाले, पुढे न्यूयॉर्कचे पहिले बिशपही झाले, आणि मालमत्ता जागच्या जागी राहिली. दुसरी इमारत 1790 ची. ती 1839 मध्ये पाडावी लागली, आणि आज दिसते ती रिचर्ड अपजॉन यांची तिसरी इमारत 1846 मध्ये पुरी झाली. तिचा 281 फुटी मनोरा 1890 पर्यंत शहरातला सर्वांत उंच होता.

इमारतीपेक्षा या प्रकरणात महत्त्वाचे आहेत ते भाडेपट्टे. ट्रिनिटीने पुष्कळ जमीन दान दिली, थोडी विकली आणि बरीचशी पट्ट्याने लावली. पट्टा घेणाऱ्याने घर बांधायचे, चर्चला जमिनीचे भाडे द्यायचे. मुदत कुठे 21 वर्षे, कुठे तिच्या कितीतरी पट. 1767 मध्ये मेजर मॉर्टियर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 26 एकर 99 वर्षांच्या पट्ट्याने घेऊन रिचमंड हिल नावाचा वाडा बांधला. तोच पट्टा पुढे राजकारणी अ‍ॅरन बरकडे गेला. 1804 मध्ये बरने द्वंद्वात देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला मारले. हॅमिल्टन पुरला गेला ट्रिनिटीच्या आवारात आणि मारणारा राहत होता ट्रिनिटीच्या जमिनीवर. बरची पत बुडाली तसा तो पट्टा जॉन जेकब अ‍ॅस्टर या व्यापाऱ्याने घेतला, जमिनीचे छोटे छोटे तुकडे पाडले आणि पोटपट्ट्याने लावले. अ‍ॅस्टर घराण्याच्या श्रीमंतीत असल्या पट्ट्यांचा वाटा मोठा आहे.

आता हिशेब करा. 1767 अधिक 99 म्हणजे 1866. मुदत संपली की जमीन चर्चकडे परत, आणि तिच्यावरची घरेही कशीबशी, थोडक्या पैशांत, चर्चच्याच पदरात. ही घरे मुळात एकेका सुखवस्तू कुटुंबासाठी बांधलेली, दोन-तीन मजली, विटांची किंवा लाकडी. पट्ट्याची शेवटची दहा वर्षे उरली की पट्टेदार छपरावर एक खिळा मारत नाही. जे घर दहा वर्षांनी आपले नसणार त्यावर कोण खर्च करील? तो खोल्या पाडतो आणि मिळेल तेवढी बिऱ्हाडे कोंबतो. म्हणजे चर्चच्या हाती आली ती घरे आधीच पिळून काढलेली.

त्याच सुमारास, 1867 मध्ये, ट्रिनिटीच्याच सेंट जॉन्स चॅपलसमोरची देखणी खासगी बाग व्हँडरबिल्टच्या रेल्वेला मालधक्क्यासाठी 10 लाख डॉलरला विकली गेली. झाडे तुटली, गोदाम आले, वाफेचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास आला. बागेभोवतालची बडी कुटुंबे वरच्या भागात निघून गेली आणि त्यांच्या घरांत गोदी कामगार, गाडीवान आणि शिवणकाम करणाऱ्या बायका राहायला आल्या. व्हेस्ट्रीचा अंदाज होता की हा सगळा भाग लवकरच गोदामांचा होणार, तेव्हा घरे आहेत तशी चालू द्यावीत, दुरुस्तीला पैसा घालू नये आणि वेळ आली की पाडून टाकावीत. व्यवहाराच्या दृष्टीने या अंदाजात काही चूक नव्हती. फक्त ती ‘वेळ’ यायला चाळीस वर्षे लागली, आणि मधल्या चाळीस वर्षांत त्या घरांत माणसे राहत होती.

कोर्टात

आरोग्य खाते विरुद्ध ट्रिनिटी चर्च या खटल्यात अपिलाच्या पहिल्या पायरीवर चर्च जिंकले. भरपाई न देता आणि आमचे म्हणणे न ऐकता आम्हाला खर्चात पाडणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणे, असा चर्चचा मुद्दा होता. वरच्या मजल्यावर नळ ही भाडेकरूची सोय झाली, आरोग्याशी तिचा काय संबंध, हाही होता.

1895 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने (न्यूयॉर्क राज्यात हेच सर्वोच्च) निकाल फिरवला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती रुफस पेकहॅम यांनी. त्यांनी ‘सोय’ या मुद्द्यालाच हात घातला. पाणी जितके जवळ तितके माणूस ते जास्त वापरतो आणि स्वच्छ राहतो, दाट वस्तीत एका घरची अस्वच्छता शेजारच्या घरी आजार होऊन जाते, आणि आग लागली तर वरच्या मजल्यावरचे पाणी जीव वाचवते. खर्च माफक आहे, तेव्हा तो सोसायला लावणे ही मालमत्तेची जप्ती होत नाही. म्हणणे मांडायचे असेल तर दंडाच्या दाव्यात कोर्टासमोर मांडता येते, तेवढी सुनावणी पुरे. घरांच्या दर्जाविषयीच्या अमेरिकन कायद्याचा हा एक पायाचा दगड आहे. गंमत अशी की हेच पेकहॅम पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1905 मध्ये लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा त्यांनीच रद्द ठरवला. मालमत्तेच्या एवढ्या कैवाऱ्यालाही ट्रिनिटीची बाजू पटली नव्हती.

रेक्टर तेव्हा मॉर्गन डिक्स होते. 1862 पासून 1908 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच रेक्टर होते. माणूस विद्वान, कष्टाळू आणि स्वतःपुरता निर्लोभी होता. भाड्याच्या पैशातून पॅरिशची उपचॅपले चालत, शाळा चालत, दवाखाना चालत, आणि त्यांचा लाभ घेणारे बरेचसे गरीबच होते. डिक्स यांच्या डोळ्यांना म्हणूनच यात विसंगती दिसली नसावी. गरिबाकडून भाडे घ्यायचे आणि गरिबाच्या शाळेत ते घालायचे, या वर्तुळात नळाला जागाच नव्हती. व्हेस्ट्रीत शहरातले नामांकित वकील आणि सावकार होते. ते खटला तत्त्वासाठी लढत होते, पैशासाठी नाही. खर्च किरकोळ असताना तत्त्वासाठी लढणे मला पैशासाठी लढण्यापेक्षा वाईट वाटते. पैशाच्या भांडणात निदान तडजोड होते.

मुंबईत प्लेग आला तो पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, आणि चाळींतल्या हवा-पाण्याचा विचार करायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला 1898 मध्ये. गोदी आणि गिरण्यांभोवती वाढलेल्या दोन बंदरांना एकच प्रश्न पाच-दहा वर्षांच्या अंतराने पडत होता.

हिशेब

निकालाने नळ बसले, पण घरे तीच राहिली. 1901 च्या नव्या चाळ-कायद्यात तीन किंवा अधिक कुटुंबांची इमारत म्हणजे ‘टेनेमेंट’ अशी व्याख्या होती. ट्रिनिटीची बरीच जुनी घरे एक-दोन कुटुंबांची. कुजकी असली तरी कायद्याच्या जाळ्यातून ती निसटत.

डिक्स 1908 च्या एप्रिलमध्ये गेले. जुलैत ‘एव्हरीबडीज’ मासिकात चार्ल्स एडवर्ड रसेल या पत्रकाराचा ट्रिनिटीच्या चाळींवरचा लेख आला. रसेल घराघरांत फिरले होते. पण लेखाची खरी धार वर्णनात नव्हती. त्यांनी विचारले : या पॅरिशकडे नेमकी किती मालमत्ता आहे, उत्पन्न किती आणि ते जाते कुठे? पॅरिशच्या सभासदांनाही ते माहीत नव्हते. राज्याच्या सिनेटने हट्टाने मागितला तेव्हा 1856 मध्ये हिशेब दिला गेला होता, आणि एरवी व्हेस्ट्री स्वतःशीच हिशेब करत असे. निवडणूक होई, पण मतदार मूठभर आणि उमेदवार ठरलेले. आपल्याकडच्या काही देवस्थान समित्यांची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना चित्र डोळ्यांसमोर आणायला त्रास पडू नये.

नवे रेक्टर विल्यम मॅनिंग यांना आल्या आल्या हे वादळ मिळाले. त्यात व्हेस्ट्रीने स्वतःच भर घातली. काटकसर म्हणून सेंट जॉन्स चॅपल बंद करण्याचा निर्णय 1908 च्या अखेरीस जाहीर झाला. म्हणजे ज्या वस्तीची घरे पडकी ठेवली तिथले देऊळही बंद. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासह बड्या मंडळींनी सह्या करून विनंती केली. चॅपलचे लोक कोर्टात गेले आणि हरले. निर्णयाचा अधिकार व्हेस्ट्रीचा, असे ठरले. ती सुंदर इमारत 1918 मध्ये पाडली गेली.

मात्र 1909 मध्ये मॅनिंग यांनी दोन गोष्टी केल्या. पॅरिशचा हिशेब छापून जाहीर केला, आणि शहरातल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीला सांगून सगळ्या घरांची पाहणी करवली. पाहणी एमिली डिनविडी यांनी केली. फिलाडेल्फियातल्या घरांची पाहणी त्यांनी आधी केलेली होती, त्यामुळे मोरी, संडास, जिन्यातला उजेड, भिंतीची ओल या गोष्टी कुठे पाहायच्या ते त्यांना ठाऊक होते. अहवाल आला तो टीकाकारांना आवडण्यासारखा नव्हता. बहुतेक घरे राहण्याजोगी, भाडी बेताची, आणि खरोखर वाईट घरे थोडी. रसेल यांचे समर्थक म्हणाले, मालकाच्या सांगण्यावरून केलेली पाहणी आणखी काय म्हणणार.

दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटते की रसेल यांनी सर्वांत वाईट घरे निवडली आणि डिनविडी यांनी सरासरी काढली. दोन्ही खरे असू शकते. गोरगरिबांना मोठ्या नव्या इमारतींतल्या अंधाऱ्या खोल्यांपेक्षा ट्रिनिटीची जुनी बुटकी घरे बरी वाटत असण्याचाही संभव आहे. त्यांना मागे थोडे अंगण होते आणि पुढून-मागून वारा येत असे. पण ही पाहणी वीस वर्षे आधी झाली असती तर खटल्याची गरजच पडली नसती. तेव्हा व्हेस्ट्रीने कोणाला आत येऊ दिले नाही.

अहवालानंतर पॅरिशने डिनविडी यांनाच घरांच्या व्यवस्थेसाठी नेमले, हा भाग सहसा सांगितला जात नाही. घरोघर जायचे, तक्रार ऐकायची, दुरुस्ती करून घ्यायची. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल यांनी रुजवलेली ही पद्धत होती. इतकी वर्षे दलाल आणि पट्टेदार यांच्याआड बसलेला मालक प्रथमच दार वाजवायला लागला. वाईट घरे पाडणे चालू राहिले, आणि अंदाजाप्रमाणे ‘वेळ’ही शेवटी आली. 1910 नंतरच्या दोन दशकांत त्या जमिनीवर छापखान्यांच्या दणकट, उंच इमारती उभ्या राहिल्या. 1927 मध्ये हॉलंड बोगदा उघडला आणि भाग पुरता उद्योगांचा झाला. चाळींचा प्रश्न संपला, कारण तिथे राहणारेच संपले. ते कुठे गेले याची नोंद चर्चच्या हिशेबात असण्याचे कारण नव्हते.

आता त्या छापखान्यांत जाहिरात कंपन्या आणि सॉफ्टवेअरवाले बसतात, आणि भागाला हडसन स्क्वेअर म्हणतात. मूळ 215 एकरांपैकी साधारण 14 एकर पॅरिशकडे उरले. 2011 च्या डिसेंबरात आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनवाल्यांनी ट्रिनिटीच्या एका मोकळ्या प्लॉटवर तळ ठोकायची परवानगी मागितली. चर्चने ती नाकारली. लोक कुंपण ओलांडून आत गेले आणि अटक झालेल्यांत एक निवृत्त एपिस्कोपल बिशपही होते. पॅरिशमधल्याच भांडणातून आणि कोर्टबाजीतून दोनच वर्षांनी, 2013 मध्ये, मालमत्तेचा आकडा पुन्हा बाहेर पडला : सुमारे 2 अब्ज डॉलर. 2019 पर्यंत गुंतवणुकीसह तो 6 अब्जांवर गेला होता.

2015 च्या डिसेंबरात नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने हडसन स्क्वेअरमधल्या 11 इमारतींत 44 टक्के हिस्सा 1.56 अब्ज डॉलरला घेतला. जमीन अर्थात विकलेली नाही. हा हक्क 75 वर्षांचा आहे, म्हणजे 2090 च्या सुमारास मुदत संपेल आणि सगळे चर्चकडे परत येईल. शेवटच्या दहा वर्षांत छपरांची डागडुजी कोणी करायची, हे या खेपेला करारात नीट लिहून घेतले असेल, अशी आशा करायला हरकत नाही.